जुन्या कार्डाचा नंबर

जवळ ये गं, अशी माझ्या शेजारी बस, निदान हे वाचून होईपर्यंत तरी. फोनवर नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि मी कामाचं बोलायला लागले की "मीटिंग आहे" म्हणून ठेवून देतेस. असं करतात का? आता सर्व्हर रूमची नोकरी तूही धरलीस, तर माझी एक चूक ऐकून ठेव. हे लिहिताना दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले, एवढं सांगते.

नाशिकच्या ज्या दवाखान्यात मी आधी केसपेपर काढायचे आणि मग बघून बघून कॉम्प्युटरवाली झाले, तिथे सगळ्या पेशंटचे स्कॅन एका मोठ्या स्टोरेजवर असायचे. सर्व्हरमधलं कार्ड त्या स्टोरेजशी बोलायचं. प्रत्येक कार्डाला स्वतःचा लांबलचक नंबर, सोळा अक्षरं-आकड्यांचा. तो स्टोरेजच्या यादीत असला तरच आतलं दिसणार. कार्ड कुठल्या मशीनमध्ये आहे, हे कोणी विचारत नाही. नंबर ओळखीचा ना, मग या आत.

एकदा कार्ड बिघडलं. आमचे इंजिनियर रोज ओझरहून यायचे, माझ्याच वयाचे. त्यांनी नवं बसवलं, मी नवा नंबर यादीत घातला, स्कॅन पुन्हा दिसायला लागले. जुना नंबर काढायला हवा होता. पण म्हटलं, असू दे, कार्ड दुरुस्त होऊन आलं तर पुन्हा लिहायला नको. टाइप करायचा कंटाळा, दुसरं काय!

पुढे कार्ड दुरुस्त होऊन आलं. मला पत्ता नाही. त्या दिवशी येवल्याचे एक पैठणी विणणारे काका वरच्या वॉर्डात होते, दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन. गाठ तीन वर्षांत कशी वाढत गेली, ते जुन्या स्कॅनवर बघूनच डॉक्टरबाई ऑपरेशन कसं करायचं ते ठरवणार होत्या. आणि मी चहा घेऊन आत येते तर इंजिनियरसाहेब खुशीत. जुनं कार्ड वाया कशाला घालवा, म्हणून त्यांनी ते एका रिकाम्या मशीनमध्ये बसवून केबल जोडली होती.

"ताई, लॉटरी लागली! बघा केवढी डिस्क दिसतेय. कोरी आहे म्हणतोय. तयार करू का, विचारतोय."

मी आकडा वाचला. तेवढी मोठी डिस्क आमच्याकडे एकच होती. त्या मशीनला आमची मांडणी वाचता येत नव्हती, म्हणून ते तिला कोरी म्हणत होतं; आणि 'तयार' करणं म्हणजे आतलं सगळं पुसणं.

"हात काढा! आधी माउसवरचा हात काढा!"

"का? शॉक बसतोय का?"

मी मशीनच्या मागे हात घालून केबलच उपटली. चहा सगळा त्यांच्या पँटवर.

"अहो ताई, भाजलं ना!"

"स्कॅन आहेत ते, साहेब. सगळ्यांचे."

मग ते भाजल्याचंही विसरले. मी जुना नंबर काढला, काढला का ते चार वेळा पाहिलं, आणि काकांचे स्कॅन उघडले. उघडले गं. तिन्ही वर्षांचे.

डॉक्टरबाईंकडे जाऊन सांगितलं, चूक माझी. त्या म्हणाल्या, "काही गेलं नाही ना? मग झालं." झालं कुठे! दुसऱ्या दिवशी वर ऑपरेशन चालू आणि खाली मी तेच स्कॅन बंद करतेय, उघडतेय, बंद करतेय. डबा तसाच राहिला. ऑपरेशन नीट झालं, काका स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले. मी मात्र तेव्हापासून अशीच आहे.

परवा तू म्हणालीस, "मावशी, आज एक कार्ड बदललं," आणि फोन ठेवलास. जुन्या नंबरचं काय केलंस? फोनवर सांगू नकोस, तुझ्या "हो मावशी"ने माझं समाधान व्हायचं नाही. रविवारी ये, समोर बसून सांग. नाहीतर शनिवारीच ये ना.