‘सरकी’मधला भोंगा

परवा रविवारी घरी एक गंमत झाली... म्हणजे सुरुवातीला गंमतच होती.

माझ्या जुन्या मित्रांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. कॉलेजात असताना मी आणि गजाननने एक अल्बम केला होता. नाव ‘सरकी’. अख्ख्या पुलगावातला पहिला आणि शेवटचा प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम! लष्कराच्या डेपोच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका मित्राकडे परदेशी कॅसेट ऐकली होती. एका बाजूला एकच लांबलचक तुकडा, गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत. आम्ही दोघं खुळावलो. म्हटलं, असं आपणही करायचं.

सामान काय, तर माझी गिटार, गजाननचा बेंजो आणि बँडपार्टीकडून मागून आणलेला ढोल. स्टुडिओ म्हणजे गजाननच्या काकांचं कापसाचं रिकामं गोडाऊन. एका टेपरेकॉर्डरवर गिटार भरायची, ती वाजवत ठेवून वर बेंजो वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर घ्यायचं. मग त्यावर ढोल. प्रत्येक थराबरोबर खरखर वाढायची. ए साइडला मी एकदा खोकलोही आहे, कारण गोडाऊनमध्ये कापूस नव्हता तरी त्याचा कचरा हवेत भरपूर होता.

एकच भीती असायची, गावातल्या कापड मिलच्या भोंग्याची. पाळी सुटायच्या आत टेक संपवायचा हा आमचा नियम. वेळेवर लक्ष ठेवायचं काम गजाननकडे, कारण घड्याळ त्याच्याकडेच होतं...

बी साइडचा शेवटचा थर चालू होता. सगळं थांबतं आणि गिटारचा एकच लांब सूर उरतो, अशी ती जागा. मी डोळे मिटून तार छेडली आणि नेमका तेव्हा भोंगा वाजला. गजाननचं घड्याळ मागे पडलं होतं! पुन्हा पहिल्यापासून करायला कोऱ्या कॅसेटी नव्हत्या आणि ढोलही परत द्यायचा होता. भोंगा तसाच राहिला. त्यावरून गजाननला मी आजवर किती बोललोय, ते त्यालाच विचारा.

अल्बमचं पुढे काय झालं? मित्रांनी कॉप्या केल्या. एका मंडळाने गणपतीच्या देखाव्यात राक्षस येताना तो बरीच वर्षं वाजवला. एवढीच आमची कीर्ती.

माझ्या बायकोचं, वंदनाचं, तर लग्नापासून एकच वाक्य. मी कौतुकाने कॅसेट लावली की ती म्हणायची, “गाणं चालू झालं का मले आवाज देजा.” आणि स्वयंपाकघरात निघून जायची. हसायचो मी, पण खरं सांगतो, लागायचं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मनापासून केली होती आणि ती घरातल्या माणसाला ऐकावीशी वाटत नव्हती.

आता गजाननची मुलगी मयूरी पुण्यात साउंडचं काम करते. म्हणाली, काका, आपण ‘सरकी’ नीट करून ऑनलाइन टाकू. चांगली राहिलेली कॅसेट माझ्याकडचीच, ती पाठवली. काही दिवसांनी तिचा फोन आला. “काका, बी साइडला एका जागी टेप फार घासली आहे. तेवढाच भाग कोणीतरी रिवाइंड करून करून ऐकलाय.” मी म्हटलं, अगं, टेपरेकॉर्डरनेच चावली असेल.

रविवारी तिची फाइल आली. खरखर गेली, माझा खोकला गेला आणि भोंगासुद्धा गेला! गजानन धावत घरी आला. “अबे, धुऊन काढलं राजा पोरीनं!” दोघं लहान मुलांसारखे खूश. मी स्पीकर लावला. ती जागा आली. गिटारचा सूर एकटा, स्वच्छ, अगदी मला हवा होता तसा...

तेवढ्यात वंदना कणकेचे हात घेऊन बाहेर आली.

“काऊन जी, भोंगा कुठी गेला?”

आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. मी म्हटलं, तुला काय माहीत इथे भोंगा होता ते?

तिने बोटांची कणीक खरडून काढली. मग म्हणाली, “भोंगा वाजला का आई तवा ठेवे. अन् थोड्या वेळानं नाचणगावच्या वळणावर बाबाची सायकल दिसे. मिल बंद झाली, मंग बाबाही गेले. तुम्ही दुकानात गेले का मी तेवढंच लावत होती.”

सासरे मिलमध्ये होते हे मला ठाऊक होतं. पण आमच्या कॅसेटमध्ये त्यांची घरी यायची वेळ भरली गेली आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. टेप कोणी घासली ते कळलं. गजानन उगाच चष्मा पुसत बसला.

मयूरीला लगेच फोन लावला. म्हटलं, बेटा, खोकला राहू दे बाहेर, पण भोंगा जागेवर ठेव.

काल अल्बम ऑनलाइन आला. संध्याकाळी मी बी साइड लावली आणि ती जागा येताच जोरात हाक मारली... “वंदना, गाणं चालू झालं!”

ती आली. माझ्या शेजारी बसून भोंगा संपेपर्यंत ऐकलं, मग उठून आत गेली आणि तवा ठेवल्याचा आवाज आला.

गजानन, तुझ्या त्या घड्याळाचे मनापासून आभार रे...