सहीची जागा

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर इतरांच्या निबंधांतील दोष लाल शाईने दाखविले, आणि आता निवृत्तीनंतर स्वतःचाच निबंध घेऊन वाचकांच्या दारी उभी आहे. या धिटाईबद्दल आधीच क्षमा मागते. पण आदिलाबादेतील आमच्या घरमालकांविषयी कोणीतरी लिहावे असे फार वाटते, आणि दुसरे कोणी लिहील अशी चिन्हे नाहीत. एवढे मात्र मी निःशंकपणे म्हणू शकते, की हाताने शुभेच्छापत्र करण्याची कला त्या साऱ्या मुलखात त्यांच्याइतकी कोणाला साधली नव्हती, आणि आपल्याच अक्षरावर त्यांच्याइतका नाराज माणूसही दुसरा नव्हता.

ऐंशीच्या दशकात बदली होऊन मी तिथल्या मराठी शाळेत रुजू झाले आणि या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, घराच्या मागील दोन खोल्यांत राहू लागले. त्यांच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. वडिलांच्या काळी कापडाच्या प्रत्येक ताग्यावर एक रंगीत चित्र चिकटवलेले येई: हत्ती, आगबोट, पोपटाशी बोलणारी स्त्री, वाघावर बसलेला कोणी साहेब. ओल्या फडक्याने अलगद सोडवलेली ही चित्रे काकांनी लहानपणापासून पत्र्याच्या पेटीत जपली होती. जाड कागदावर त्यातले एक चिकटवायचे, भोवती सोनेरी वेल काढायची, आणि खाली बोरूने, ज्याला जी लिपी वाचता येईल त्या लिपीत, मजकूर लिहायचा. सोनेरी रंग निर्मल गावच्या चित्रकारांकडूनच हवा. तो आणताना बसमध्ये जागा मिळाली तरी काका उभेच राहत. "बसलं की झटका खालून येते, बाई. रंग हादरते," असे ते मला गंभीरपणे सांगत.

चित्राचा संबंध प्रसंगाशी नसून माणसाशी असतो, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे दिवाळीला कोणाला पणती मिळाली असे कधी घडले नाही. समोरच्या स्थूल किराणा दुकानदारास हत्ती गेला. त्याने तो गणपतीचा प्रसाद समजून गल्ल्यावर लावला. आमच्या उंच, कृश मुख्याध्यापकांना मात्र उंट गेला, आणि ते मलाच जाब विचारू लागले. काकांना त्यात वावगे काहीच दिसेना. "मान पाहा ना उंटाची! किती लांबचं दिसत असन त्याले." चिकटवण्यासाठी ते मैद्याची खळ शिजवीत आणि कसर लागू नये म्हणून तीत विषारी मोरचूद घालीत. काकू कपाळाला हात लावीत. "माह्या पातेल्यात मोरचूद! एखाद्या दिवशी साऱ्या घराले पोचवान तुमी." नव्वदीच्या दशकात बाजारात उघडताच गाणे वाजणारी कार्डे आली. मी एक दाखविले. काकांनी ते उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि म्हणाले, "हे आपलंच बोलून राह्यलं. देणाऱ्यानं मंग काय बोलाव?"

बोलण्याचा प्रश्न त्यांच्या घरातच अडला होता. दुकानाची पाटी काकांनी स्वतः रंगविलेली होती. ते एकदा निर्मलला गेले असता धाकट्या भावाने ती उतरवून सिनेमाच्या जाहिरातीसारखी तिरपी, लालभडक अक्षरे असलेली पाटी चढविली. काका परतले, पाटीखाली थोडा वेळ उभे राहिले आणि दुकानात पाऊल न टाकता घरी आले. त्यानंतर त्यांनी दुकान पाहिले नाही आणि ते भावाशी एक शब्दही बोलले नाहीत. पुढे भाऊ मंचेरियलला गेला. दर दसऱ्याला काका त्याच्यासाठी एक कार्ड करीत आणि "अक्षर बसलं नाही" म्हणून पेटीत टाकीत. अक्षर उत्तम बसलेले असे. ते मलाही दिसे.

"आता पाठवा ना," काकू एकदा म्हणाल्या.

"मोठ्यानं आदी? धाकट्यानं मोठ्याले सोनं द्यायचं असते. रीत हाय ते."

"मंग त्याच्या वाटचं कार्डबी तुमीच बनवा, अन् सही कराले धाडा त्याले!"

काकूंनी टोमणा मारला. काकांनी तो योजना म्हणून स्वीकारला. भावाकडून स्वतःला येणारे शुभेच्छापत्र त्यांनी करावयास घेतले, आणि तिथेच अडचण उभी राहिली: चित्र माणसावर ठरते, आणि या वेळी माणूस ते स्वतःच होते. पेटी उलटी करून ते कितीतरी दिवस बसले. सिंह हातात घेतला, ठेवला. अखेर त्यांनी शिंगे रोखून उभा असलेला एक बैल निवडला. काकू एवढेच म्हणाल्या, "बरोबर हाय." खाली सोनेरी अक्षरांत 'दादास दसऱ्याचा सप्रेम नमस्कार', आणि त्याखाली पेन्सिलीची एक फिकट रेघ, सहीसाठी. स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीटही आत घातले आणि सारे मंचेरियलला रवाना केले.

त्यानंतर टपालवाल्याची सायकल वाजली की काका आतल्या खोलीत जात. दसरा उजाडला, तरी पाकीट आले नाही. संध्याकाळी मी सोने द्यायला ओसरीवर गेले, तोच फाटक वाजले. आपट्याची पाने आणि ते कार्ड, दोन्ही एकाच हातात धरून भाऊ उभा होता.

"दादा, बैल तूनंच निवडला बरं! मी नाई म्हटलं तुले बैल."

काकांनी पाने घेतली. भाऊ वाकला. मग भावाने खिशातून पेन काढले. "दे, सही करून टाकतो."

"ठेव ते पेन," काका म्हणाले. "तुहं अक्षर पाह्यलं म्या, पाटीवर. चांगल्या बैलाची नासाडी करशीन."

आणि दोघे भाऊ असे हसले, की काकू पदराने डोळे पुसत चहा ठेवायला आत गेल्या.

आज काका नाहीत. त्यांच्या तसबिरीशेजारी तो बैल अजून शिंगे रोखून आहे. दसऱ्याला भाऊ येतो, पाने ठेवतो, आणि पेन्सिलीची रेघ तशीच रिकामी सोडून जातो. मी आयुष्यभर मुलांना पत्रलेखन शिकविले: पाठविणारा कोण, घेणारा कोण, हे आधी स्पष्ट असावे. त्या कार्डापुढे उभी राहिले की मला ते सांगता येत नाही. ते शुभेच्छापत्र कोणी कोणाला दिले, असे तुम्ही म्हणाल?