बेलभंडाऱ्यावरचं मतदान

विट्याचा नाथाजी पलटणीत कारकुनी करून परत आला आणि शेती सोडून लोकशाहीच्या मागं लागला. सातारा-सांगलीच्या गावांतनं सायकल हाणायची, निवडणुकीत कुणी कुणाला दमात घेतलं ते नावानिशी वहीत लिहायचं आणि कलेक्टरला अहवाल धाडायचा. आणीबाणी उठल्यावर तर त्याला चेवच चढला. पाटलांना तो बांडगुळं म्हणायचा, मतदारांना मेंढरं. वर चहा त्यांच्याच घरचा प्यायचा!

अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. आटपाडीकडच्या एका वाडीत ग्रामपंचायतीला दर खेपेला बाळासो पाटील बिनविरोध. गावात एकी आहे म्हणून मिरवायचा. कसली एकी नि कसलं काय! धनगरवस्तीला कधी कुणी विचारलंच नव्हतं. नाथाजीनं वस्तीवरच्या कोंडीबाला त्याच्याविरुद्ध उभं केलं आणि घरोघर सांगितलं, मत गुप्त असतं, पाटलाच्या बापालाही कळत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी बातमी आली. पाटलानं निम्म्या वस्तीला बिरोबाचा बेलभंडारा उचलायला लावून आपल्यालाच मत द्यायची शपथ घातली होती. ती मोडायची कुणाची छाती? चिमूटभर हळदीला भिणारी ही माणसं, म्हणे स्वतंत्र देशाचे नागरिक! नाथाजीला शिसारी आली. त्यानं सोळा जणांची नावं वहीत उतरवली.

कोंडीबा म्हणाला, उरलेल्यांकडनं आपण भंडारा उचलून घेऊ. नाथाजीनं त्याची लाज काढून त्याला झापलं. मग बोटांवर मतं मोजली. आपला माणूस पडणार, पाटील मिशीला पीळ देत हसणार, हे काही त्याला सोसेना. दुपारी भंडाऱ्याची ताटली घेऊन तो स्वतःच दारोदार फिरला.

कोंडीबा चार मतांनी आला. वस्तीवर गुलाल उधळला. देवळाच्या कट्ट्यावर नाथाजी अहवाल लिहीत बसला होता, तिथं म्हातारी हरणाबाई येऊन टेकली.

"नाथाजीराव, माझं मत पाटलाला व्हतं. सून अडली तवा त्यानंच जीप काढली. तुमी ताटली फुडं धरली, म्हून कोंडीबाला दिलं. दमात घेतलेल्यांची नावं लिवताय न्हवं? माझंबी लिवा."

नाथाजीनं मान वर केली नाही. लिहितो म्हणाला. म्हातारीला कुठं वाचता येत होतं! ती समाधानानं उठून गेली आणि त्यानं सोळा नावांखाली रेघ मारून सही केली.