आडनाव नसलेला प्रवेश

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. मागनं हसायला न्हाय यायचं. आमच्या सात पिढ्यांत असलं गाढवपण कुणी केलं नसंल.

मी शहराजवळ हिंडलग्यात बसून लोकांच्या वेबसाईटी करतो. माझी चुलत आक्का गुंजीच्या अलीकडं, आमच्या मूळ गावच्या मराठी शाळेत हेडबाई. एक दिवस तिचा फोन.

"यंदा पहिलीला पोरं न्हाय आली तर वर्ग बंद करत्यात रं. आई-बाप मोबाईलवर बघून शाळा ठरवत्यात आता. एक वेबसाईट करून दे."

"आक्का, तू काळजीच सोड," मी म्हटलं. बोलायला आपलं काय जातंय?

नव्यानं कोण करत बसणार? शहरातल्या एका इंग्लिश शाळेची साईट मीच केलती. तिचंच फोल्डर उचललं, फोटो आणि मजकूर बदलला. आता बघा, प्रत्येक पानाच्या खाली 'प्रवेशासाठी फोन करा' अशी तीच ती पट्टी असते न्हवं? ती एका वेगळ्या फाईलीत ठेवायची आणि पानापानावर तिला नावानं हाक मारायची. माझ्या नव्या फाईलीचं नाव प्रवेश, डॉट, एचटीएमएल. इंग्लिश शाळेची जुनी फाईल, 'इंग्लिश मीडियम' आणि त्या शाळेचा नंबर घेऊन, तिथंच लोळत पडलेली. तीबी प्रवेशच, फक्त डॉटच्या पुढचं आडनाव निराळं.

पहिल्या पानावर मी पूर्ण नाव लिहिलं. पुढं कंटाळा आला, नुसतंच 'प्रवेश' लिहीत गेलो. गल्लीत आडनाव न घेता हाक मारली की जो आधीपासनं ऱ्हातोय त्योच ओ देणार. तसंच झालं, आतल्या पानांवर जुनी फाईलच आली. मी तपासलं फक्त पहिलं पान, आणि दिलं पाठवून.

आक्का लिंक घेऊन दारोदार हिंडली. आतली पानं बघून लोक लई खूश.

"बाई, बरं केलासा, इंग्लिश आणलासा."

आक्काला वाटलं, वेबसाईटचं कौतुक चाललंय. तीबी म्हणाली, "काळाबरोबर जायला पायजे की."

लोकांनी त्या पानांच्या खालचं बटण दाबलं. पलीकडनं गोड आवाज, "हो, प्रवेश सुरू आहेत. बस दारात येते."

मला कवा कळलं म्हणता? तुमच्या गावची पोरं आली म्हणून त्या इंग्लिश शाळेनं आभार मानायला फोन केला तवा.

तडक गावाकडं गेलो. पहिलीच्या वर्गाला कुलूप. आक्का व्हरांड्यात एकटीच बसलेली. तिला फाईल, डॉट, आडनाव, सगळं समजावून सांगितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"व्हय रं, पण त्या शाळेचं काम तुला कसं मिळालतं?"

"पोरगी हाय न्हवं माझी तिथं. दुसरीत."

आक्का उठली. पदर झटकला.

"मग कंप्युटरला कशाला बोल लावतोस?" ती म्हणाली. "तुझ्या घरातबी प्रवेश म्हटलं की इंग्लिशवालाच ओ देतो की रं."