चुन्याची फक्की आणि तात्यांचा चहा

मंडळी, भिवंडीजवळच्या, गोदामांनी वेढलेल्या राहनाळहून आत्ताच आले.

तिथल्या एका शेतात आम्हा पुरातत्त्ववाल्यांना दगडांचं रिंगण असलेला उंचवटा सापडला होता. अशा उंचवट्यांखाली हजारो वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली असतात. नांगर आत जाऊ नये म्हणून परवा आम्ही भोवती चुन्याची फक्की टाकली.

आज तिथे खड्डा. जेसीबीने बरोबर फक्कीवरूनच खोदलेला. गोदामांच्या कामात फक्की म्हणजे 'इथे खोदा', हे मला सुचायला हवं होतं.

शेतमालक तात्या शांतपणे म्हणाले, "मॅडम, फक्की तुमीच मारलीत ना? डायवरला काय म्हाईत?"

डायवरला नसेल. पण परवा याच तात्यांनी चपला काढून रिंगणाला हात जोडले होते. "आमचंच कोनी आसंल," म्हणाले होते.

माती कुठे गेली विचारलं, तर त्यांनी गोदामाच्या नव्या रस्त्याकडे बोट केलं. भरावात खापरं होती, हाडांचे तुकडे होते, आणि वरून ट्रक जात होते.

"मुरूम चांगला हाय," म्हणाले आणि चहा पुढे केला.

शिसारी आली. पण असाच दुसरा, अजून शाबूत असलेला उंचवटाही त्यांच्याच शेतात आहे, म्हणून मी तो चहा प्यायले. तुम्ही प्यायला असता?