अडलं तिथंच थांबणारी शकू

शकू गेल्याचा फोन तिच्या नवऱ्यानंच केला. "आवं ताई, संपलं," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस... महिना होत आला, पण खरं सांगू? अजून मला तिचा रागच येतो.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी साताऱ्यात एका खोलीत राहून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होतो. मी सांगलीची, ती वडूजजवळच्या कोरडवाहू खेड्यातली. हुशारीत मी तिच्या पासंगालाही पुरायची नाही. पण त्या चार पर्यायांच्या पेपरात हुशारीपेक्षा घड्याळ मोठं. क्लासचे सर घसा कोरडा करून सांगत, "अडलं की पुढं जा, सोपं आधी उरका." ही बया मान हलवायची आणि फिजिक्सच्या अडलेल्या पहिल्याच गणितापाशी ठाण मांडायची. मी चिडले की म्हणायची, "रानात भांगलताना हराळीचं तण तसंच ठेवून पुढं सरकलं की आई हाताला धरून मागं आणायची. मागं ऱ्हायलेलं मला पुढचं दिसूच देत न्हाई गं."

परीक्षेला सांगलीत ती नेमकी माझ्या पुढच्या बाकावर. शेवटच्या अर्ध्या तासाची घंटा झाली तरी हिची अजून सुरुवातीचीच पानं! माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण बोलणार कसं? बाहेर आल्यावर म्हणते कशी, "जेवढं सोडवलं त्यातलं एक बी चुकलं न्हाई बघ." मी डॉक्टर झाले. तिला घरच्यांनी दुसरं वर्ष दिलं नाही. लग्न झालं, पुढं वडूजच्या शाळेत ती गणित शिकवायला लागली. तिनं कधी कुरकुर केली नाही; तिच्या वाटची मीच करायचे.

गेल्या वर्षी तिचे रिपोर्ट माझ्याच टेबलावर आले. "खोटं बोलू नगंस. किती टाइम हाय?" तिनं विचारलं. काही महिनेच होते, तसं सांगितलं. मग मी लागले उपदेश करायला... माहेरी जाऊन ये, बहिणींना भेट, जमण्यासारखं आधी उरकून घे. "आन् अवी?" ती म्हणाली. अवी तिचा एकुलता एक मुलगा. लग्नावरून वडिलांशी भांडून पुण्याला गेलेला, तेव्हापासून बापलेकांचा अबोला. "दोघंही हेकट आहेत, त्यात दिवस घालवू नकोस," मी म्हटलं. ऐकेल तर शकू कसली! ग्लानीतही एकदा लेकाला फोन, एकदा नवऱ्याची मनधरणी. माहेर राहिलं, बहिणी राहिल्या. अवी काही आला नाही.

आला तो सावडण्याच्या दिवशी. बापाकडं न बघता उभा राहिला आणि पाण्याचा घोटही न घेता निघून गेला. मला वाटलं, फुकट गेले गं तुझे सगळे दिवस...

परवा वडूजला गेले, तर बायकोला घेऊन तो पुन्हा आलेला. शकूच्या खोलीत तिच्या खाटेवर कुणीच बसलं नव्हतं. बापलेक भिंतीला टेकून खाली बसले होते. अवीनं विचारलं, "आबा, आई शेवटी काय म्हणाली?"

सुभेदारांनी मान वर केली नाही. "म्हणाली, पोरगं आलं तर त्याला उपाशी जाऊ देऊ नगा." मग घसा खाकरून म्हणाले, "जेवलास का रं?"

एवढं ऐकायला ती हवी होती.