नऊ जणांच्या हॉटेलातली ठमाबाई

ठमाबाई भाकरी थापत असताना तिच्याशी बोलायचं नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. बोललात तर ती उत्तर देणार नाही, आणि नेमकी तीच भाकरी फुगली नाही तर त्याचं खापर तुमच्या डोक्यावर. माझ्यावर ते तीनदा फुटलंय.

पनवेलच्या एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत इंद्रजीत शेटचं हॉटेल आहे. मासळीची थाळी, सोबत तांदळाची भाकरी. समोर माझं दुकान: झेरॉक्स, पॅनकार्ड, ऑनलाइन फॉर्म. मी एकटा माणूस, दुपारचं जेवण रोज शेटकडे. म्हणजे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही, निम्मं तर माझ्याच हातून झालेलं आहे.

ठमाबाई खाडीकडच्या गावची, आगरी. तरुणपणी मिठागरात मीठ ओढलं, मिठागरं गेली, नवरा गेला, मग ती नवीन पनवेलला भाड्याच्या खोलीत आली. लेक मनस्वी न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला आहे. ठमाबाईला इंद्रजीत शेटकडे लागून बारा वर्षं झाली होती. सकाळी नऊला यायची, रात्री नऊला सुटायची, दुपारी तासभर भिंतीला टेकून बसायची. रोज दोनशे भाकऱ्या, रविवारी साडेतीनशे. तांदळाची उकड गरम असतानाच मळावी लागते, थंड झाली की चिरते. त्यामुळे तिच्या हाताचे तळवे कायम लालबुंद. सुट्टी म्हणजे होळीला एक दिवस आणि गौरीला एक दिवस. बाकी आजारी पडली तर खाडा, पगार कापून.

आता इंद्रजीत शेट वाईट माणूस असता तर सगळं सोपं होतं. तो वाईट नाही. ठमाबाईला ‘मावशी’ म्हणतो, दिवाळीला साडी देतो, मनस्वीच्या परीक्षेच्या वेळी त्याने फी भरली होती. शिवी देत नाही, हात उगारत नाही. अशा माणसाशी भांडायचं कसं हेच कळत नाही. त्याच्यापुढे सगळ्यांनी हात टेकलेले.

दुकानांच्या कायद्याखाली हॉटेलची माहिती ऑनलाइन भरायची होती तेव्हा तो माझ्याकडे आला. कामगार किती, या रकान्याशी मी थांबलो.

“नऊ टाक,” शेट म्हणाला.

“मावशींना धरून दहा होतात.”

“मावशी काय, आपल्या घरच्यासारख्या. त्यांना कशाला कागदात ओढतोस?”

त्या वेळचा नियम मला पाठ होता. दहा किंवा जास्त कामगार असले की कायदा पुरता लागू: प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी, ओळखपत्र, कामाच्या तासांना मर्यादा. नऊ असले की नुसतं ‘आमचं हॉटेल आहे’ एवढं कळवलं की झालं. मी हे २०२३च्या आसपासचं सांगतोय, आकडे काय, पुढे बदलत राहतात. तर मला हे माहीत होतं आणि मी नऊ टाईप केलं. शेटचं माझ्याकडे महिन्याचं बरंच काम असतं, आणि त्याची सुरमई ताजी असते.

त्यानंतर वर्षभरात पहिली तपासणी आली. कागदावर त्या अधिकाऱ्याचं नाव ‘सुविधाकार’ असं गोड असलं तरी गल्लीत सगळे शॉप इन्स्पेक्टरच म्हणतात. आल्या होत्या एक तरुण बाई, कादंबरी मॅडम. त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शिरल्याबरोबर तिथल्या पोराने शेटला फोन केला, आणि पुढच्या दोन मिनिटांत मी जे पाहिलं ते पाहून मला जेवता जेवता ठसका लागला.

शेटने ठमाबाईला चुलीपुढून उठवलं, तोंड धुवायला लावलं, आपल्या बायकोची पर्स तिच्या हातात दिली आणि तिला खिडकीजवळच्या टेबलावर गिऱ्हाईक म्हणून बसवलं. वेटर जगन तिच्यापुढे मेन्यू घेऊन उभा राहिला. या जगनला ती दिवसातून दहा वेळा “व्हय बाजूला” म्हणून ढोसते. तो गंभीर तोंडाने म्हणाला, “काय घेणार, मावशी?”

ठमाबाईने मेन्यू उलटा धरला होता. तिने तो खाली ठेवला आणि हॉटेलातली सगळ्यात महाग थाळी मागितली. सुरमई, कोलंबी, सोलकढी. शेटचं तोंड बघण्यासारखं झालं. वर ती सावकाश जेवली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर ती पहिल्यांदा बसली होती.

मॅडमनी माणसं मोजली, नऊ भरली. जाता जाता त्या खिडकीजवळ थांबल्या आणि शेजारच्या टेबलावर बसलेल्या मला सहज विचारलं, “या नेहमी येतात का जेवायला?”

मी म्हणालो, “येतात अधूनमधून.”

मॅडम गेल्यावर सगळं हॉटेल पोट धरून हसलं. मीही हसलो. ठमाबाई पर्स परत देऊन चुलीपाशी गेली, कारण सात थाळ्या भाकरीवाचून अडल्या होत्या.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिचं मनगट सुजायला लागलं. आधी ती फडकं बांधून थापायची. मग उजव्या हाताने परातही उचलवेना. मनस्वीने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, आठवड्यातून निदान एक दिवस या हाताला पूर्ण विश्रांती द्या, नाहीतर वर्षभरात मूठसुद्धा वळणार नाही. हात गेला की काम गेलं, आणि काम गेलं की खोलीचं भाडं मनस्वीच्या एकटीच्या पगारात भागणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती.

ठमाबाईने शेटकडे आठवड्याला एक दिवस मागितला. शेटने चहा मागवला, विचारपूस केली, मलम आणून दिलं आणि सांगितलं, “मावशी, तुम्हाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. आणि आपल्याला तो कायदाच लागू नाही. आपण नऊ माणसं.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या त्या तासाभरात ती माझ्या दुकानात आली. स्टुलावर बसली. हाताला पिवळी पट्टी.

“दीपेश, शेट बोलतो आपुन नऊ मानसं. मी मोजली. दोनदा मोजली. मना दहा भरतात.”

“तुम्ही स्वतःला धरून मोजलंत, मावशी.”

“मंग काय सोडून मोजू?”

मी तिला सगळं सांगितलं. दहाचा नियम सांगितला, आणि तो नऊचा आकडा माझ्याच बोटांनी टाकलाय हेही सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. तिला भलतंच काहीतरी दिसत होतं.

“म्हंजे मी कागदात नाय म्हनून त्या नऊ जनांना बी सुट्टी नाय?”

“हो.”

“जगनला बी नाय?”

“कोणालाच नाही.”

जगनची बायको वाड्याला माहेरी बाळंत झाली होती आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याने ते पाहिलं नव्हतं, हे मलाही तेव्हाच आठवलं.

“मी तक्रार टाकतो ऑनलाइन,” मी म्हणालो. म्हणालो खरा, पण शेटचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि माउसवरचा हात मी मागे घेतला.

“तू काय नको करूस. तुजं दुकान त्याच्या समोर हाय,” ती म्हणाली आणि उठली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

डिसेंबरात कादंबरी मॅडम पुन्हा आल्या. पुन्हा मेडिकलमधून फोन, पुन्हा धावपळ, पुन्हा तीच पर्स. ठमाबाई खिडकीजवळ बसली. यावेळी जगनने काही न विचारताच साधी थाळी आणून ठेवली. कोणी हसत नव्हतं. सगळ्यांना तिचा हात दिसत होता. मी माझ्या टेबलावर भात कालवत होतो आणि मनाशी म्हणत होतो, आज मॅडमनी विचारलं तर खरं सांगायचं. आज सांगायचंच. पण देवा, त्यांनी विचारू नये.

मॅडमनी स्वयंपाकघरातल्या माणसांना बाहेर बोलावलं. सगळे भिंतीला लागून उभे राहिले. मॅडम पेनाचं टोक एकेकाकडे करत मोठ्याने मोजू लागल्या. “सहा, सात, आठ, नऊ.”

“दहा,” खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला.

ठमाबाईच्या तोंडात घास होता. तिने तो चावून गिळला, पाणी प्यायली आणि उभी राहिली.

“मी दहावी. बारा वर्सं हितं भाकऱ्या करते. ही पर्स माजी नाय.”

तिने पर्स टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. मॅडम जवळ आल्या. त्यांनी ते तळवे पाहिले, पट्टी पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षीचं त्यांच्या लक्षात होतं.

“खरं आहे,” मी म्हणालो. “फॉर्म मी भरलाय. नऊ चुकीचं आहे.” हे बोलायला मला ठमाबाईच्या नंतरचा नंबर लागला, हे मी लपवत नाही.

मॅडमनी आवाज चढवला नाही. पंचनामा लिहिला, शेटची सही घेतली, आठ दिवसांत दहा जणांची नोंद आणि कोणाची सुट्टी कोणत्या वारी याचा तक्ता भिंतीवर लागला पाहिजे, असं सांगून त्या गेल्या. आचारी पुटपुटला, “आता एकाला काढतील आणि परत नऊ करतील.” शेट गल्ल्यावर बसून होता. मला वाटतं त्याच्या मनात तेच चाललं होतं.

ठमाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “काडायचं तर मना काड शेट. बाकीच्यांना नको. मी बोलले.”

शेटने तिच्याकडे पाहिलं. बाहेरच्या पाटीवर त्याच्या नावाहून मोठ्या अक्षरात ‘तांदळाची भाकरी’ लिहिलेलं आहे. ती बनवणारी दुसरी बाई तो दोन महिने गुपचूप शोधत होता, हे मला नंतर कळलं. मिळाली नव्हती. “मावशी, तुम्ही मला आधी सांगायचं होतं,” तो म्हणाला.

“सांगितलं व्हतं. तू मलम दिलंस.”

शेट उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. त्याने कोणालाच काढलं नाही. त्यात त्याचा चांगुलपणा किती आणि पाटी किती, हे मी ठरवायला बसत नाही.

तीन दिवसांनी तो यादी घेऊन माझ्याकडे आला. मी दहा नावं टाईप केली. ठमाबाईच्या नावापुढे त्याने मंगळवार लिहून आणला होता, कारण मंगळवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं. ती झेरॉक्सच्या मशीनपाशी उभी होती, आधार कार्डाची प्रत द्यायला आलेली.

“माजा वार कोनता लिवला?”

“मंगळवार,” मी म्हणालो.

“आयतवार लिव.”

शेट कळवळला. “मावशी, रविवार? रविवारी साडेतीनशे भाकऱ्या जातात! डॉक्टरांना काय, हाताला विश्रांती कुठल्याही वारी चालते.”

“हाताला चालते. माजी पोर आयतवारीच घरी असते.”

शेट माझ्याकडे पाहायला लागला, जणू मी काही तोड काढणार होतो. मी रविवार टाईप केलं. प्रिंट काढली. त्याने तिची घडी घातली, पैसे दिले आणि गेला. तो तक्ता आजही गल्ल्याच्या मागे लावलेला आहे, थोडा तिरका.

पहिल्या रविवारी हॉटेलात चपात्या होत्या. गिऱ्हाइकं कुरकुरली, दोघंतिघं उठूनही गेली. मी भात खाल्ला. जगनने वाढताना सांगितलं की त्याला गुरुवार मिळालाय आणि बुधवारी सुटल्याबरोबर तो वाड्याची गाडी पकडणार आहे.

सोमवारी दुपारी भाकऱ्या संपल्यावर ठमाबाई भिंतीला टेकून बसली तेव्हा मी विचारलं, “काय केलंत काल?”

“काय नाय. निजले. उठले, चा प्याले, परत निजले.” मग तिने पाय पसरले. “सांजच्याला पोरीनं माज्या डोस्क्याला तेल लावलं. लावता लावता रडाय लागली.”

“का?”

“बोलली, आये, तुजे केस कवा गं पिकले?”

तिने पदराने तोंड पुसलं आणि उकडीचं पाणी तापायला ठेवलं.